संकष्टीच्या दुसऱ्या दिवशीचा आकडा

साताऱ्याच्या आमच्या घरात स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय टांगलेलं असतं. तिथी आणि सण छापलेले असतात. दुधाचा हिशोब आणि सिलिंडर लावल्याची तारीख आईच्या अक्षरात. आणि २०११पासून प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यात बाबांच्या बारीक अक्षरात सकाळचा एक आकडा असतो. १२८. १३४. ११९. १६८. उपाशीपोटीची शुगर. डॉक्टरांनी वही करायला सांगितली होती. बाबांनी ती केली नाही. वही केली की आपण आजारी आहोत हे कबूल केल्यासारखं होतं, असं त्यांना वाटत असावं. कालनिर्णय काय, घरातलंच.

मागच्या वर्षी माझीही शुगर निघाली. वय चौतीस. 'निघाली' हे क्रियापद बघा. घरात साप निघतो, मुतखडा निघतो, तशी शुगर निघते. आधीपासून कुठेतरी दडून होतीच, आता सापडली.

मी पुस्तकांवर लिहिते, त्यातही खाण्याबद्दलच्या पुस्तकांवर जास्त. त्यामुळे डॉक्टरांनी दिलेला डाएटचा कागद वाचून झाल्यावर सवयीने कपाट उघडलं. मला एक साधी गोष्ट शोधायची होती. सकाळचे साडेसात वाजलेत, कढईत पोहे वाफेवर आहेत, समोरच्या माणसाला ते हवेत आणि हवे तेवढे खाता येणार नाहीत. या माणसाबद्दल मराठीत कुणी काय लिहिलंय? हा माणूस काही दुर्मीळ नाही. आयसीएमआरच्या २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात मधुमेह असलेले सुमारे १० कोटी १० लाख लोक आहेत, आणि उंबरठ्यावर उभे असलेले आणखी १३ कोटींहून जास्त. एवढे लोक रोज सकाळी नाश्त्यापाशी अडतात. आपल्या खाण्यावरच्या लेखनात मात्र ते जवळजवळ दिसतच नाहीत. जे सापडलं आणि जे सापडलं नाही, त्याबद्दल हा लेख.

*

कपाटातला वरचा कप्पा आवडीचा. तिथे कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आहे, १९७०चं. या पुस्तकाचं मोठेपण त्याच्या मापांत आहे. वाटी आणि चमचा. वजनकाटा नसलेल्या घरात, सासूबाई जवळ नसलेल्या मुलीला त्या पुस्तकाने स्वयंपाक करायचा धीर दिला. माझी आई त्यातलीच एक. पण प्रत्येक कृती कुठे संपते ते पाहा. ताटात वाढलं की संपली. पुढे त्या पदार्थाचं खाणाऱ्याच्या अंगात काय होतं, हे पाककृतीचं काम नाही, मान्य. पण त्या पुस्तकावर पोसलेल्या पुढच्या पन्नास वर्षांच्या लेखनातही खाणाऱ्याचं शरीर फारसं आलं नाही, ही माझी तक्रार आहे.

शेजारी पु. ल. देशपांड्यांचं 'हसवणूक'. त्यातल्या 'माझे खाद्यजीवन'मध्ये खाणारा माणूस पुरेपूर हजर आहे. त्याच्या आठवणी, त्याची भूक, त्याच्याबरोबर खाणारे लोक. खाणं म्हणजे माणसांशी जमवून घेण्याची रीत, हे त्या लेखाने मराठी वाचकाला इतकं पटवलं की पुढचा प्रत्येक खाद्यलेख त्याच वाटेने गेला. दिवाळी अंकातला असा लेख तुम्ही वाचला असेलच. आजी असते, चूल असते, पितळेचा डबा असतो, बाहेर पाऊस असतो आणि शेवटी 'ती चव आता मिळत नाही' असतं.

असा एक लेख मीही लिहिलाय. २०१९मध्ये, आईच्या पोह्यांवर. आता तो पुन्हा वाचताना एका वाक्यापाशी थांबले. पोहे किती छान होतात हे सांगायला मी लिहिलं होतं की बाबा तिसऱ्यांदा मागून घेतात. तेव्हा बाबांना शुगर निघून आठ वर्षं झाली होती. दारामागच्या कालनिर्णयात रोज आकडा पडत होता, आणि मी त्याच दाराच्या अलीकडे बसून तिसऱ्या वाढीचं कौतुक लिहीत होते. संपादकांना ते वाक्य आवडलं होतं. वाचकांनाही. कुणालाच काही खटकलं नाही, कारण या प्रकारच्या लेखात आजारी माणूस बसतच नाही. आठवणीतला खाणारा नेहमी ठणठणीत असतो.

पथ्यावर पुलंनी लिहिलंच नाही असं नाही. 'बटाट्याची चाळ'मधला 'उपास' सगळ्यांना माहीत आहे. वजन उतरवायला निघालेला नायक आणि त्याला सल्ले देणारी अख्खी चाळ. कॉलेजात हे वाचून मी लोटपोट हसले होते. आता वाचलं तेव्हा हसू आलं, पण ओळखीचं. माझी शुगर निघाल्याची बातमी फुटली त्या आठवड्यात कारल्याचा रस, मेथीचे दाणे, जांभळाच्या बियांची पूड आणि 'गोळी सुरूच करू नकोस, एकदा सुरू केली की सुटत नाही' हे सगळं दारात येऊन गेलं. पथ्य हा आपल्याकडे खासगी मामला नसतो, हे पुलंनी अचूक टिपलंय. मात्र त्या विनोदाला एक अट आहे. नायकाला खरंच काही झालेलं नसलं पाहिजे. आकडा जिवाशी खेळणारा नसेल तरच पथ्य मोडण्यात मजा आहे. पण आपण ती अट विसरलो आणि विनोद तेवढा ठेवला. लग्नाच्या पंगतीत 'एका जिलबीने काय होतंय' म्हणून आग्रह करणारा माणूस त्या विनोदाच्या जोरावरच बोलत असतो.

या कप्प्यात एक पुस्तक वेगळं आहे, शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म'. मराठवाड्यातल्या दलित समाजांच्या खाण्याची ही नोंद आहे, पाककृतींसकट. आपण ज्याला 'मराठी खाद्यसंस्कृती' म्हणतो तिच्यातून कोण गाळलं गेलं, हे त्याच्या नावातला 'अपूर्ण' शब्दच सांगतो. तुटवड्यातलं खाणं आणि भरल्या डब्यांसमोर पथ्य पाळणं यांची बरोबरी करायची नाही. ज्याच्या घरात सगळं आहे त्याने 'मला खाता येत नाही' म्हणून गळा काढणं बरं दिसत नाही. पण लिहिणाऱ्याला त्यातून एक गोष्ट शिकता येते. जे ताटात नाही, जे कमी पडलं, जे मिळालं नाही, तेही नोंदवूनच खाण्याबद्दल खरं लिहिता येतं.

*

आता खालचा कप्पा. इथे पुस्तकं कमी, कागद जास्त.

माझा डाएटचा कागद साहित्य म्हणून वाचून पाहिला. तीन रकाने आहेत: 'टाळा', 'मर्यादित', 'चालेल'. पोहे मधल्या रकान्यात, 'एक वाटी, भरपूर भाज्या घालून'. सगळी वाक्यं आज्ञार्थी आणि एकाही वाक्याला कर्ता नाही. हे पोहे कोण करणार, घरातल्या बाकीच्यांसाठी वेगळे करणार का, सकाळी सातला दोन कढया कोण चढवणार, हे त्या कागदाला ठाऊक नाही. बाबांची शुगर निघाली तेव्हा दुसऱ्या दिवसापासून आईने दोन कढया चढवल्या. माझ्या एका मावशीची निघाली तेव्हा तिने घरच्यांसाठी नेहमीसारखा उपमा केला आणि स्वतः रात्रीची पोळी बिनसाखरेच्या चहात बुडवून खाल्ली. आजही तेच खाते. कागद दोघांना एकच मिळाला होता.

त्यापुढे महाराष्ट्रात गाजलेलं ते भांडण. २०१८च्या सुमाराला घराघरातले व्हॉट्सॲप ग्रुप दोन गटांत विभागले गेले होते. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचे अनुयायी दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांत जेवायचे. ऋजुता दिवेकरांना मानणारे थोड्या थोड्या वेळाने, घरचं, पारंपरिक, तूप घालून खायचे. वैद्यकीय निवाडा करणं माझं काम नाही. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण गाळलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते, त्यामुळे कोणतीही योजना डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये, एवढं मात्र प्रत्येकाला माहीत हवं. वाचक म्हणून मला जाणवलं ते असं, की सल्ला परस्परविरोधी असला तरी दोन्हीकडच्या फॉरवर्डमधली गोष्ट एकच होती. आधी मी चुकत होतो, मग मला एक नियम मिळाला, आता मी दुसराच माणूस झालोय. साक्षात्काराच्याच गोष्टी या. अशा गोष्टीत नियम मिळाल्यानंतरची सकाळ कधी येत नाही. नियम माहीत असलेला माणूस संकष्टीच्या दिवशी खिचडीच्या पातेल्यासमोर काय करतो, हे कुणी लिहीत नाही. पण श्रेय द्यायला हवं. भूक म्हणजे नेमकं काय, ती लागलीये की नुसती वेळ झालीये, हा प्रश्न या दोघांमुळे मराठी घरांत मोठ्याने विचारला गेला. आधी तो विचारला जात नव्हता.

आणि आपल्या फोनमधल्या रील्स. 'डायबेटिक-फ्रेंडली मोदक', 'गिल्ट-फ्री शिरा'. साखर नाही हं, गूळ घातलाय. मैदा नाही हं, खजूर घातलेत. गूळ म्हणजे बहुतांशी साखरच, खजुरातही भरपूर साखर असते आणि ग्लुकोमीटरला त्यांच्या परंपरेशी देणंघेणं नसतं. भाकरीचंही तेच. ज्वारी-नाचणीला आता मान मिळालाय, चांगलंच झालं. पण शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात सत्तर ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात आणि शंभर ग्रॅम कोरड्या पोह्यांत साधारण पाऊणशे. भाकरीत तंतू जास्त असतात, ती सावकाश पचते, हे खरं. तरी चार भाकऱ्या म्हणजे चार भाकऱ्याच. रील मात्र प्रमाण सांगत नाही. ती फक्त 'गिल्ट' काढून देते. म्हणजे आधी गिल्ट होतं हे तिने गृहीत धरलेलं असतं.

हे गिल्ट कुठून येतं, त्याचा शोध घेताना मी भाषेपाशी येऊन थांबले.

*

पथ्यात असलेल्या माणसाला काही खावंसं वाटलं तर मराठीत त्याला काय म्हणतात? जिभेचे चोचले. मोह. जिभेवर ताबा नाही. पथ्य 'मोडलं', व्रत मोडतात तसं. सगळे शब्द चारित्र्याचे.

हेच खावंसं वाटणं गरोदर बाईचं असलं की त्याला केवढा सुंदर शब्द आहे: डोहाळे. ते पुरवायचे असतात, त्यांची गाणी असतात, त्यांचं जेवण असतं. म्हणजे शरीर मागतं आणि ते मागणं खरं असू शकतं, हे या भाषेला माहीत आहे. फक्त तो मान ती एकाच अवस्थेतल्या शरीराला देते. त्या शरीरातही शुगर निघाली की शब्द बदलतो. गरोदरपणातला मधुमेह निघालेल्या माझ्या मैत्रिणीच्या डोहाळजेवणात तिच्या ताटात श्रीखंड वाढून ठेवलं होतं आणि तिने फक्त बोट लावून फोटो काढला. 'बाळासाठी एवढा ताबा ठेव गं' असं तिला चार बायकांनी सांगितलं.

शरीर नेमकं काय करतं तेही पाहू. पहाटे, उठण्याच्या आधीच्या तासांत, अंगात कॉर्टिसोल, ग्रोथ हॉर्मोनसारखी संप्रेरकं वाढतात, यकृत रक्तात ग्लुकोज सोडतं. निरोगी माणसाचं इन्सुलिन ते सावरतं. मधुमेह असलेल्याचं पुरं पडत नाही, म्हणून काही न खाताही सकाळचा आकडा चढलेला दिसतो. डॉक्टर याला 'डॉन फिनॉमिनन' म्हणतात. नेमक्या याच वेळी नाश्ता समोर येतो आणि आपला नाश्ता म्हणजे पोहे, उपमा, शिरा, इडली, साबुदाणा. बहुतेक सगळा स्टार्च. म्हणजे दिवसातलं सगळ्यात अवघड खाणं पहिलंच असतं. हा चोचल्यांचा प्रश्न नाही.

गोळीमुळे किंवा इन्सुलिनमुळे साखर ७०च्या खाली गेली की हात थरथरतात, गार घाम फुटतो आणि गोड हवं, आत्ता हवं, असं वाटतं. ते वाटणं बरोबर असतं. त्या क्षणी तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, हेच औषध. ज्या पदार्थाला वर्षभर विष म्हटलं, तो त्या पंधरा मिनिटांत जीव वाचवतो. 'टाळा' आणि 'चालेल' या दोन शब्दांत हे बसत नाही, आणि 'ती चव आता मिळत नाही' यातही नाही.

*

आता ज्या लेखनात हे बसतं त्याकडे येते.

दिवाळीत साताऱ्याला गेले तेव्हा बारा महिन्यांचं कालनिर्णय खाली उतरवून पहिल्या पानापासून वाचलं. मागच्या बाजूला पाककृती, आरोग्यलेख आणि राशिभविष्य. दोन्ही कप्पे एकाच कागदावर, पाठीला पाठ लावून. पण वाचायची होती पुढची बाजू.

बाबा दर संकष्टीचा उपास करतात. साबुदाणा हा कसावाच्या कंदाचा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आणि आपला बराचसा साबुदाणा तमिळनाडूतल्या सेलम भागातून येतो. तो आपल्या उपासाचा आधार कसा झाला हा वेगळ्या लेखाचा विषय. बाबांच्या पानांवर त्याचा माग स्पष्ट दिसतो. दिवसा खिचडी, चंद्रोदयानंतर उशिरा पोटभर जेवण आणि दुसऱ्या दिवशीच्या चौकोनात १७१. पुढच्या महिन्यात १६८. त्यापुढच्या महिन्यात १५२. मी आईला विचारलं, इथे काय झालं? म्हणाली, "त्या महिन्यात साबुदाणा संपला होता. वरी केली, दाण्याची आमटी केली." म्हणजे पाककृतीचा परिणाम पाककृतीच्याच घरात नोंदवलेला होता. वाचणारं कुणी नव्हतं.

मग कोरे चौकोन दिसू लागले. गणपतीत सलग चार. मामेभावाच्या लग्नानंतर दोन. मी २०१९ची जुनी प्रत शोधली. आई ती फडताळात अंथरायला वापरते. माझा पोह्यांचा लेख छापून आला त्या आठवड्यात मी घरी होते आणि ते चौकोनही कोरे होते. बाबांना विचारलं. ते म्हणाले, "तू आली होतीस. मजेत खात होतो. आकडा कशाला बघायचा?"

एका चौकोनात, ऑगस्टमध्ये, ५८ होतं. त्या दिवशी सकाळची गोळी घेऊन ते बँकेत गेले, रांग मोठी होती, नाश्ता राहिला. घरी आले ते घामाने भिजून. आकड्यापुढे आईच्या अक्षरात एक शब्द होता: 'साखर'. बारा महिन्यांत शुगरबद्दल लिहिलेला तेवढा एकच शब्द.

मी गेली काही वर्षं मराठीतलं खाण्यावरचं बहुतेक लेखन वाचलंय. हवंसं वाटणं, भीती, लबाडी, सण, हिशोब आणि एकमेकांना सांभाळणं हे सगळं एका पानावर असलेलं लेखन मला इथेच दिसलं. लिहिणाऱ्यांना ते लेखन आहे हे माहीत नव्हतं, म्हणून ते खोटं बोललं नाही. खोटं बोलायचं तेव्हा चौकोन कोरा ठेवला, तेही दिसतं. खाण्यावर लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांनी एवढं तरी करावं. चव लिहावी आणि दोन तासांनंतरचंही लिहावं. तिसऱ्यांदा कुणी वाढून घेतलं हे सांगताना तो माणूस कोण, हेही सांगावं.

हे लिहायचा मला अधिकार आहे का, हा प्रश्न उरतोच. कारण तोपर्यंत मी आई-बाबांना माझ्याबद्दल सांगितलं नव्हतं. मावशीला, मैत्रिणींना, सोसायटीत सगळ्यांना माहीत होतं. घरी आले की मात्र भरल्या बशीने पोहे खायचे आणि पुण्याला परत गेल्यावर दोन दिवस मोजायचं नाही. माझेही कोरे चौकोन होते.

त्या रविवारी सांगितलं. आई काही बोलली नाही. मटकीला मोड आलेले होते, तिची उसळ केली. पोहे अर्धेच भिजवले, त्यात मटार आणि दाणे वाढवले. आधी उसळ खायची आणि मग पोहे, म्हणजे साखर जरा हळू चढते, हे मी तिला सांगितलं. "बरं," म्हणाली. पोहे खाताना मला आणखी हवे होते. तसं म्हणाले. म्हणायला काय जातं? कुणी ताब्याबिब्याचं बोललं नाही. बाबांनीही तेवढेच घेतले आणि रिकाम्या कढईकडे एकदा बघितलं.

दोन तासांनी त्यांनी त्यांचं यंत्र दिलं. माझे १५४ आले. ते चौकोनात लिहायला गेले तर जागा नव्हती, दुधाचं अर्धा लिटर आधीच तिथे होतं. त्यांनी मग समासात लिहिलं आणि पुढे माझ्या नावाचं पहिलं अक्षर घातलं.

आई ओट्यापाशी कढई घासत होती. पाठ फिरवूनच म्हणाली, "आकडा सांगून झाला. पोहे कसे झाले होते, ते कुणी सांगेल का?"